नकाशावरची विहीर आणि जमिनीवरची विहीर

(ग्रामविकासाच्या कामातील तरुण कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गात ‘भौगोलिक माहिती प्रणालीची तोंडओळख’ या विषयावर केलेल्या पहिल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



या विषयावरील बहुतेक व्याख्याने लंडनमध्ये सुरू होतात. १८५४ साली तेथे पटकीची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर दाखविली आणि त्यांतील बहुसंख्य घरे एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेली आढळली. कथा खरी आहे, बोधप्रदही आहे. तथापि मला आज लंडनला जायचे नाही. मला माण तालुक्यातील एका विहिरीपासून सुरुवात करावयाची आहे. कारण लंडनच्या कथेत डॉक्टर बरोबर होते, आणि माणच्या कथेत मी चुकलो होतो. शिकण्यासाठी दुसऱ्या प्रकारची कथा अधिक उपयोगाची असते, असा माझा अनुभव आहे.

साल २००६. त्या वेळी पिण्याच्या पाण्याच्या संरक्षणासाठी केलेला १९९३ चा भूजल कायदा आपल्याकडे लागू होता. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणता येत नसे. कायद्याचा हेतू उत्तम होता. गावाच्या पिण्याच्या विहिरीचे पाणी शेजारच्या खोल विहिरीने ओढून नेऊ नये, एवढाच तो हेतू. एका गावाच्या पाण्याचा नकाशा संगणकावर तयार करण्याचे काम माझ्याकडे आले होते. गावची जुनी सार्वजनिक विहीर सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशावर दाखविलेली होती, ती मी तेथून उचलली. ज्या शेतकऱ्यांना नव्या विहिरी हव्या होत्या, त्यांच्या जागांवर मी स्वतः जीपीएस यंत्र घेऊन गेलो आणि अक्षांश-रेखांश टिपून आणले. मग संगणकाला सांगितले, सार्वजनिक विहिरीभोवती ५०० मीटरचे वर्तुळ काढ. त्याने काढले. एका शेतकऱ्याची जागा वर्तुळाच्या आत पडली. अंतर ४५५ मीटर.

तो गृहस्थ सभेत उभा राहिला. म्हणाला, “सायेब, आमी साखळीनं मोजलंय. अठ्ठावन्न साखळ्या भरत्यात.” आपल्याकडची जमिनीची साखळी ३३ फुटांची. तिच्या बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. अठ्ठावन्न साखळ्या म्हणजे १९१४ फूट, म्हणजे ५८३ मीटर. हा हिशेब मला तिथल्या तिथे कागदाच्या कपट्यावर करता आला असता. मी केला नाही. मी हसून म्हणालो, “दादा, हे यंत्र उपग्रहावरून मोजते.” तो म्हणाला, “तुमचं यंत्र आभाळातनं बघतंय. आमी भुईवरनं चालून मोजलंय.” आणि खाली बसला.

त्याचा अर्ज त्या वर्षी बाजूला पडला. त्याने डाळिंबाची दोनशे रोपे लावलेली होती. त्या उन्हाळ्यात ती गेली.

चूक कोठे झाली, हे मला पुढे आठ महिन्यांनी कळले. ती समजून घेणे म्हणजेच भौगोलिक माहिती प्रणालीचा पहिला धडा शिकणे होय, म्हणून तेवढ्याच धड्यावर मी आज अधिक वेळ घालविणार आहे. संगणकावरची बटणे तुम्ही माझ्यापेक्षा लवकर शिकाल.

प्रथम ही प्रणाली म्हणजे काय ते पाहू. अनेकांचा समज असा की, संगणकावर दिसणारा नकाशा म्हणजे ही प्रणाली. तसे नाही. नकाशा हे तिचे एक चित्र. प्रणाली म्हणजे ‘कोठे’ आणि ‘काय’ या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना कायमची बांधून ठेवण्याची व्यवस्था. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात हे दोन्ही पूर्वीपासून आहे. गटाचा नकाशा ‘कोठे’ हे सांगतो, सातबारा ‘काय’ आणि ‘कोणाचे’ हे सांगतो, आणि गट क्रमांक या दोहोंना जोडतो. संगणकाने नवे काय केले? त्याने असे अनेक नकाशे पारदर्शक कागदांसारखे एकावर एक ठेवण्याची आणि आरपार प्रश्न विचारण्याची सोय केली. कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात देशाच्या जमिनीच्या नोंदींसाठी हा प्रयोग प्रथम मोठ्या प्रमाणावर केला. माती, वने, शेती यांचे थर एकमेकांवर ठेवायचे आणि विचारायचे, अमुक माती आणि तमुक उतार असलेली जमीन किती?

आता एकावर एक ठेवायचे म्हटले की सगळे कागद एकाच खिळ्याला अडकवले पाहिजेत. तो खिळा म्हणजे संदर्भप्रणाली. माझे कागद दोन वेगवेगळ्या खिळ्यांना अडकलेले होते.

हे नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारताची त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लॅम्ब्टन याने सुरू केली. ती पुढे जॉर्ज एव्हरेस्टने चालविली. पृथ्वी चेंडूसारखी वाटोळी नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नेमकी किती चपटी, याचे एक गणित मोजणीसाठी गृहीत धरावे लागते. एव्हरेस्टने १८३० साली जे गणित बसविले ते भारतीय उपखंडाला चांगले जुळत होते. सध्याच्या मध्य प्रदेशातील सिरोंजजवळचे कल्याणपूर हे त्याचे आरंभस्थान. येथून सारा देश त्रिकोणांनी विणला गेला. ज्या गणनाकारांनी हे अफाट आकडे हाताने सोडविले त्यांत राधानाथ सिकदार होते, आणि शिखर क्रमांक पंधरा जगात सर्वांत उंच ठरते हे त्यांच्या गणितातून पुढे आले. त्या शिखराला नाव मात्र साहेबाचे मिळाले. असो. तो आजचा विषय नव्हे.

विषय हा की, एव्हरेस्टचे गणित भारताच्या पृष्ठभागाला जुळत असले, तरी त्या गृहीत पृथ्वीचे केंद्र खऱ्या पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. काही शे मीटरचे अंतर आहे. जमिनीवर साखळी आणि दुर्बीण घेऊन काम करणाऱ्याला त्याने काहीही बिघडत नव्हते. उपग्रह आले तेव्हा बिघडले. उपग्रह पृथ्वीच्या खऱ्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतो, त्यामुळे जीपीएसचे गणित त्या केंद्रावर बेतलेले आहे. त्याला ‘डब्ल्यूजीएस ८४’ म्हणतात. परिणामी एकाच दगडाला दोन पत्ते मिळाले, एक एव्हरेस्टचा, एक उपग्रहाचा. पश्चिम महाराष्ट्रात या दोन पत्त्यांत सुमारे सव्वाशे ते दीडशे मीटरचा फरक पडतो. जीपीएसचे आकडे जुन्या छापील नकाशाच्या जाळीवर जसेच्या तसे मांडले, तर बिंदू खऱ्या जागेपेक्षा वायव्येला सरकलेला दिसतो, उत्तरेकडे शंभर मीटरच्या पुढे आणि पश्चिमेकडे ऐंशीच्या आसपास.

आता माणला परत चला. सार्वजनिक विहीर मी जुन्या नकाशावरून घेतली, म्हणजे ती एव्हरेस्टच्या खिळ्याला. शेतकऱ्याची जागा जीपीएसने घेतली, म्हणजे ती उपग्रहाच्या खिळ्याला. त्याचे शेत विहिरीच्या आग्नेयेला होते. माझ्या नकाशात ते वायव्येला सरकले, म्हणजे नेमके विहिरीच्या दिशेने. साखळीने भरलेले ५८३ मीटर संगणकात ४५५ झाले. त्याचे शेत विहिरीच्या वायव्येला असते, तर तेवढ्याच चुकीने तो दूर गेला असता आणि माझी चूक मला आयुष्यभर कळली नसती.

ती कळली कशी? पुढच्या हंगामात नाल्यावरचे बंधारे जीपीएसने टिपले आणि नकाशावर टाकले, तर एकही बंधारा नाल्यावर पडेना. सगळे नाल्याच्या एकाच बाजूला, सारख्याच अंतरावर, उघड्या रानात उभे. येथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. बिंदू विस्कळीत चुकले, कोणी इकडे तर कोणी तिकडे, तर दोष हातातल्या यंत्राचा. साध्या यंत्रात पाच-दहा मीटरची चूक गृहीतच धरावी. सगळे बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकले, तर दोष संदर्भप्रणालीचा. आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात जुळतात पण दुसऱ्या कोपऱ्याकडे जाता जाता चूक वाढत जाते असे असेल, तर स्कॅन केलेला नकाशा संगणकात बसविताना तुम्ही खुणेचे बिंदू चुकीचे घेतले आहेत. चुकीलाही चेहरा असतो आणि तो ओळखता येतो. मला त्या गावात तो ओळखता आला नाही.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण खात्याने नागरिकांसाठी जी नवी नकाशामालिका काढली, ती उपग्रहाच्याच संदर्भप्रणालीवर आहे. त्यामुळे नवा नकाशा हाती असेल तर हा घोळ टळतो. पण गावोगावी कपाटात असतात ते जुने नकाशे, आणि स्कॅन करून हातोहात फिरतात तेही तेच. नकाशाच्या समासातील बारीक मजकूर वाचल्यावाचून तो संगणकात घालू नका.

दुसरा मुद्दा प्रक्षेपणाचा. वाटोळी पृथ्वी सपाट कागदावर आणायची म्हणजे संत्र्याची साल टेबलावर पसरण्यासारखे आहे, कोठेतरी फाटणार किंवा ताणले जाणार. अक्षांश-रेखांश हे कोनाचे माप आहे, लांबीचे नव्हे. आपल्या अठरा अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटर भरतो, अक्षांशाचा एक अंश ११० किलोमीटरच्या पुढे. म्हणून अंशांतल्या नकाशावर थेट क्षेत्रफळ काढले तर हाती येणाऱ्या आकड्याला काहीही अर्थ नसतो. मोजमाप करण्याआधी नकाशा मीटरच्या प्रक्षेपणात न्यावा. त्यासाठी जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत, त्यांना ‘यूटीएम’ पट्टे म्हणतात. आपले राज्य नेमके दोन पट्ट्यांत विभागले गेले आहे. ७८ रेखांशाच्या पश्चिमेला ४३ वा पट्टा, पूर्वेला ४४ वा. मुंबई, पुणे, अमरावती ४३ व्या, तर नागपूर, चंद्रपूर ४४ व्या. संगणकाला हे सांगण्याचे सांकेतिक क्रमांक अनुक्रमे ३२६४३ आणि ३२६४४. अंशांसाठी ४३२६. हे तीन क्रमांक पाठ करा, बाकीचे लागतील तेव्हा शोधता येतात.

आता माहितीचे रूप. संगणक भूगोल दोन तऱ्हांनी साठवतो. एक रेखाटनाची तऱ्हा. विहीर हा बिंदू, नाला ही रेषा, शेत हा बहुभुज. दुसरी चौकटींची तऱ्हा, जणू आलेखाच्या वहीचे पान, ज्यातील प्रत्येक चौकटीत एक आकडा असतो. उपग्रहाची छायाचित्रे आणि उंचीचे नकाशे या दुसऱ्या तऱ्हेचे. येथे कार्यकर्त्यांची फसगत होते ती चौकटीच्या आकाराबाबत. इंटरनेटवर विनामूल्य मिळणारा उंचीचा नकाशा बहुधा ३० मीटरच्या चौकटीचा असतो. तीस गुणिले तीस म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा! त्यात पाच मीटर रुंदीची ओढ कशी दिसणार? आपल्या ‘लिस-३’ कॅमेऱ्याची चौकट साडेतेवीस मीटरची, म्हणजे साडेपाच गुंठ्यांची. तालुक्याचे पीक पाहायला ती पुष्कळ झाली. बांध शोधायला निरुपयोगी. २००५ साली सोडलेल्या ‘कार्टोसॅट-१’ ची चौकट अडीच मीटरची होती. तिच्यात घर ओळखू येते. माझा तुम्हाला आग्रह आहे की, कोणतेही चित्र हाती आले की प्रथम त्याच्या चौकटीचे गुंठे करा. मीटर म्हटले की शेतकऱ्याशी बोलता येत नाही, आणि आपल्यालाही आपण काय बोलतो ते उमगत नाही.

छापील नकाशालाही हेच लागू आहे. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. संगणकात ती कितीही मोठी करून पाहिली तरी ती रेघ पंचवीस मीटरच जाड राहते. मोठे करून पाहिल्याने अचूकता वाढत नाही, केवळ आपला आत्मविश्वास वाढतो.

तक्त्यांविषयी थोडक्यात. जनगणनेचा तक्ता गावांच्या नकाशाला जोडायचा असेल तर गावाच्या नावाने कधीही जोडू नका. वडगाव, पिंपरी, पिंपळगाव ही नावे एका जिल्ह्यात किती वेळा येतात ते तुम्ही जाणता, आणि रोमन लिपीत लिहिताना प्रत्येक कारकून आपापल्या कानाप्रमाणे लिहितो. नेहमी गावाच्या सरकारी क्रमांकाने जोडा. दुसरे, ‘शेपफाइल’ नावाची जी फाइल सर्वत्र चालते, ती एक फाइल नसून एक कुटुंब आहे. आकृती एकीत, तक्ता दुसरीत, त्यांची सांगड तिसरीत, आणि संदर्भप्रणाली चौथ्या ‘पीआरजे’ नावाच्या चिमुकल्या फाइलीत. लोक पेनड्राइव्हवर पहिलीच आणतात आणि नकाशा उघडत नाही म्हणून तक्रार करतात. कधी तिघी येतात आणि चौथी राहते. मग नकाशा उघडतो, पण कोणत्या खिळ्याचा ते कोणालाच सांगता येत नाही. हे अधिक धोक्याचे. शिवाय तक्त्यातील रकान्याच्या नावाला तिच्यात अवघे दहा बाइट मिळतात. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे ‘विहीर’ या शब्दाचाही तेथे निभाव लागत नाही. अलीकडची ‘जिओपॅकेज’ ही रचना एकाच फाइलीत सर्व ठेवते आणि हा जाचही तिच्यात नाही. शक्यतो तीच वापरा.

साधने आता महाग राहिलेली नाहीत. ‘क्यूजीआयएस’ ही प्रणाली २००२ पासून जगभरच्या मंडळींनी मिळून घडविली आहे, ती विनामूल्य आहे. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ २००९ पासून आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांवरील पूर्वपरवानगीची बंधने बव्हंशी उठविली. पूर्वी ज्या गोष्टीसाठी आम्ही कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत होतो, ती तुम्हाला घरबसल्या मिळते. मला याचा हेवा वाटतो, हे लपवीत नाही.

एवढे सगळे शिकायचे ते कशासाठी? ३० जुलै २०१४ ची सकाळ आठवा. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. सुमारे दीडशे माणसे गेली. गाव नाहीसे झाले आहे हे बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि त्याला गावच दिसेना. नंतर २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातील दरडप्रवण भागांचे एकास पन्नास हजार प्रमाणावर नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तो मोलाचा आहे. पण आताच केलेला हिशेब लावा. त्या प्रमाणावर रेघेची जाडी पंचवीस मीटर. दहा-बारा घरांची ठाकरवाडी त्या रेघेखाली झाकून जाऊ शकते. डोंगर धोक्याचा आहे एवढे तो नकाशा सांगेल. कोणत्या घरामागची जमीन यंदा भेगाळली आहे, कोठे पूर्वी नव्हता तेथे झरा फुटला आहे आणि त्याचे पाणी गढूळ येते आहे, कोणता विजेचा खांब कलला आहे, हे वाडीत राहणारा माणूसच सांगू शकतो. त्याचे सांगणे बिंदू म्हणून, तारखेसह, उताराच्या आणि पावसाच्या थरावर ठेवणे हे तुमचे काम. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर काम करणारे जे आठ-दहा जण आज येथे आहेत, त्यांनी या वर्गातून दुसरे काही नेले नाही तरी चालेल, एवढे न्यावे.

आणि माणसाच्या सांगण्याला, चालण्याला कमी लेखू नका. सर्वेक्षण खात्यातील पंडित नैनसिंह रावत हे १८६५-६६ मध्ये वेष पालटून ल्हासापर्यंत गेले. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले. नोंदी प्रार्थनाचक्रात लपवायच्या. त्या पावलांवर तिबेटच्या वाटा नकाशात आल्या. माझ्या शेतकऱ्याच्या अठ्ठावन्न साखळ्या याच कुळातल्या, आणि त्या मी हसण्यावारी नेल्या.

पुढे मी त्याच्याकडे गेलो. दुरुस्त केलेला नकाशा दाखविला. अंतर आले ५८७ मीटर. त्याच्या साखळीत आणि माझ्या दुरुस्त यंत्रात चार मीटरचा फरक होता, आणि तोही माझ्याच यंत्राचा असण्याचा संभव अधिक. नव्या नकाशासह त्याचा अर्ज पुन्हा गेला, परवानगी मिळाली, विहिरीला पाणीही बरे लागले. त्याने डाळिंब पुन्हा लावले नाही. म्हणाला, “आता ज्वारीच बरी.” चहा दिला आणि नकाशाची एक प्रत मागून घेतली. त्यावर त्याची विहीर आहे, तिच्या शेजारी तिचे अक्षांश-रेखांश आहेत, आणि त्याच्या आग्रहाखातर खाली साखळ्यांचा आकडाही आहे.

दुपारी साडेतीनला शेजारच्या खोलीत आपण संगणकावर बसणार आहोत. पहिला पाठ सोपा आहे. प्रत्येकाने आपल्या गावातील पाच ठिकाणे टिपून आणली आहेत: मंदिर, शाळा, पिण्याची विहीर, एक बंधारा आणि स्वतःचे घर. ती जुन्या छापील नकाशावर टाकायची, किती सरकतात आणि कोणत्या दिशेला ते पट्टीने मोजायचे, आणि मग खिळा बदलायचा. ज्यांच्या पेनड्राइव्हवर ‘पीआरजे’ फाइल नाही, त्यांनी जेवणाआधी मला भेटावे.